ट्रेल कॅमेऱ्याला बाहेरची बॅटरी कशी जोडायची (६ व्होल्टवाल्यांसाठी)

आमची काजूची बाग रानाला लागूनच आहे, रात्री साळिंदर, उदमांजर, रानडुक्कर सगळे येऊन जातात म्हणून ट्रेल कॅमेरा (झाडाला बांधायचा, समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा) घेतला. पण ८ पेन्सिल सेल घालायचे आणि पावसाळ्यात गवत हललं तरी फोटो काढून काढून महिन्याभरात संपायचे, त्यात सेल उतरायला लागले की आधी रात्रीचे फोटो काळे येतात, म्हणजे जे बघायचंय नेमकं तेच जातं. शेवटी बाहेरची बॅटरी जोडली.

आधी कॅमेरा किती व्होल्टचा ते बघा. ८ सेल म्हणजे १२ व्होल्ट असं धरून चालू नका, बऱ्याच कॅमेऱ्यांत ४-४ सेलच्या दोन रांगा पॅरलल असतात म्हणजे ६ व्होल्टच. बाहेरून वीज द्यायचं भोक म्हणजे जॅक, त्याच्या शेजारी लिहिलेलं असतं, मधली पिन प्लस की मायनस त्याचं चित्रही असतं. ६ व्होल्टच्या कॅमेऱ्याला १२ लावलात तर कॅमेरा गेला.

आता बॅटरी. मी पहिल्यांदा घरात पडलेली १२ व्होल्ट ७ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) बॅटरी घेतली आणि मधे व्होल्टेज कमी करायचं छोटं बक कन्व्हर्टर मॉड्यूल टाकलं. महिन्याभरात बॅटरी मेली, फोटो तर मोजून चाळीसही नव्हते. मल्टिमीटर लावून बघितलं तर कॅमेरा झोपलेला असताना अर्धा मिलीअँपिअरसुद्धा घेत नव्हता, पण ते मॉड्यूल एकटंच ८ मिलीअँपिअर खात होतं, दिवसरात्र. म्हणजे दिवसाला १९२ एमएएच नुसते फुकट! म्हणून सरळ ६ व्होल्ट ४.५ एएचची सीलबंद लेड अ‍ॅसिड बॅटरी घ्या, इमर्जन्सी लाईटमध्ये असते तसली. भरलेली असताना ६.४ च्या आसपास दाखवते, चार नव्या अल्कलाइन सेलचंही तेवढंच होतं, त्यामुळे मधे काहीच लागत नाही. दोन लिथियम आयन सेल सिरीजमध्ये लावायचा मोह होईल, पण ते फुल चार्जला ८.४ व्होल्ट जातात, नकोच.

वायर ०.७५ स्क्वेअर एमएमची घ्या आणि दीड मीटरच्या आतच ठेवा. रात्री इन्फ्रारेड एलईडी पेटतात तेव्हा करंट एकदम वाढतो, बारीक लांब वायरीत व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा बंद होऊन परत चालू होतो. फोटोवरची तारीख आपोआप १ जानेवारी झालेली दिसली तर पहिला संशय वायरीवरच घ्या. बॅटरीच्या प्लसला अगदी जवळ २ अँपिअरचा फ्यूज टाकायचाच.

जॅक असेल तर त्या मापाची पिन आणा (५.५ × २.१ किंवा ३.५ × १.३५ असते), आणि खोचायच्या आधी मीटरने प्लस-मायनस तपासा. उलटं लागलं तर दुसरी संधी मिळत नाही.

जॅक नसेल तर लाकडी सेल करायचे. १४ एमएम जाडीच्या गोल काठीचे ५० एमएमचे दोन तुकडे कापा, प्रत्येकाच्या एकाच टोकाला पितळी स्क्रू, त्याखाली वायर गुंडाळून घट्ट. मग एका रांगेत खरे सेल घालून मीटरने ६ व्होल्ट दाखवणारी दोन टोकं शोधा, मार्करने खूण करा, सगळे सेल काढा आणि लाकडी सेल फक्त त्या दोन जागी बसवा, स्क्रू खुणेच्या टोकाला. बाहेरची बॅटरी लावल्यावर आत खरे सेल ठेवायचे नाहीत, चार्ज होऊन फुगतात, गळतात. वायरीसाठी भोक खालच्याच बाजूला पाडा आणि केबल ग्लँड (वायरीभोवती घट्ट आवळायचं बूच) बसवा (वॉरंटी जाते हे धरूनच). सिलिकॉन लावणार असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, त्याने तांब्याचे जोड हिरवे पडतात, न्यूट्रल मागा.

बॅटरी झाकणाच्या डब्यात, डब्याला तळाशी एक बारीक भोक, त्यावर जाळी, नाहीतर मुंग्या घर करतात. वायर डब्यात शिरायच्या आधी खाली झोका देऊन वर न्या म्हणजे पाणी तिथूनच टपकतं. उंदीर वायर कुरतडतात, त्यामुळे फ्लेक्सिबल पाइपमधून न्या.

झाडाला बांधायच्या आधी दोन रात्री अंगणात लावून समोरून चाला, रात्रीचे फोटो उजळ आले पाहिजेत. पुढे दर महिन्याला मीटर लावा, ६ व्होल्टपर्यंत उतरली की घरी आणून चार्ज करा, पूर्ण संपू दिली की ही बॅटरी परत नीट उभी राहत नाही. आणि हे सगळं स्वतःच्या जागेत, जंगल खात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय कॅमेरा बांधू नका.