कुस्तीच्या क्लिपचा वेग कीफ्रेमने कसा बदलायचा

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात जत्रेच्या कुस्त्या शूट करताना अडचण नेहमी एकच येते. खडाखडी, म्हणजे पकड मिळवण्यासाठीची सुरुवातीची झटापट, लांबत जाते आणि डाव एका सेकंदात संपतो. सगळी क्लिप हळू केली तर खडाखडी रटाळ होते, सगळी पळवली तर डाव दिसतच नाही. म्हणून एकाच क्लिपमध्ये वेग बदलता ठेवायचा आणि तो कुठे बदलेल हे कीफ्रेमने, म्हणजे क्लिपवर टाकलेल्या खुणेने, ठरवायचं. पुढच्या पायऱ्या डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत चालतात.

आधी गणित करा, कारण बहुतेक क्लिपा इथेच फसतात. फ्रेम रेट म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम्स), आणि टाइमलाइन म्हणजे क्लिपा मांडायची पट्टी. टाइमलाइनचा फ्रेम रेट भागिले शूटिंगचा फ्रेम रेट गुणिले १०० केलं की क्लिप न अडखळता किती हळू होईल ते कळतं. टाइमलाइन २५ आणि शूटिंग ५० असेल तर ५० टक्के, शूटिंग १०० असेल तर २५ टक्के. त्याखाली गेलात की फ्रेम्स अपुऱ्या पडतात आणि चित्र हिसके देतं. मोबाईलवर बऱ्याचदा ३०, ६० आणि १२० एवढेच पर्याय असतात. मग टाइमलाइनच ३०ची करा, म्हणजे भागाकार पूर्णांकात येतो. हे क्लिप टाइमलाइनवर टाकण्याआधी ठरवा, प्रोजेक्टचा हा आकडा नंतर बदलता येत नाही.

संध्याकाळी दिवे लागल्यावरच्या कुस्त्यांसाठी एक गोष्ट शूटिंगलाच सांभाळा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे त्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १०० फ्रेम्सवर शूट करताना शटर, म्हणजे एका फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ, १/१०० सेकंद ठेवा. १/२०० वर नेलंत तर हळू केलेल्या भागात उजेड मंद-तेज होत राहू शकतो, आणि तो दोष एडिटिंगमध्ये सहज निघत नाही.

आता कामाला लागा. क्लिप रिकाम्या ट्रॅकवर ठेवा, म्हणजे लांबी वाढली तरी शेजारच्या क्लिपशी गुंता होणार नाही. राइट क्लिक करून लिंक क्लिप्सची खूण काढा आणि आवाज वेगळा करा. मग व्हिडिओ निवडून कंट्रोल आणि आर दाबा. क्लिपवर बाणांची पट्टी येते आणि खाली १०० टक्के असा आकडा दिसतो. प्लेहेड (टाइमलाइनवरची सरकती उभी रेषा) डावाच्या सुरुवातीला नेऊन आकड्याशेजारच्या छोट्या त्रिकोणातून ॲड स्पीड पॉइंट निवडा. स्पीड पॉइंट म्हणजेच इथली वेगाची कीफ्रेम. पाठ मातीला टेकून उडालेली माती खाली बसते तिथे दुसरा पॉइंट टाका. तीन भाग झाले. प्रत्येक भागाच्या त्रिकोणात चेंज स्पीड आहे, त्यातून नेमका आकडा द्या. हाताने ओढलं तर २५ ऐवजी २७ टक्के होतं आणि वरचं गणित मोडतं.

समजा २५च्या टाइमलाइनवर, सेकंदाला १०० फ्रेम्सने शूट केलेली ८ सेकंदांची क्लिप आहे. खडाखडीचे ४ सेकंद २०० टक्क्यांवर २ सेकंद होतात, डावाचा १ सेकंद २५ टक्क्यांवर ४ सेकंद, शेवटचे ३ तसेच. एकूण ९ सेकंद.

पहिला पॉइंट कुठे पडतो यावर सगळा परिणाम ठरतो. धोबीपछाड (पाठीवर घेऊन आपटण्याचा डाव) असेल तर पाय मातीतून सुटल्यावर नव्हे, पकड बसते त्या क्षणी वेग उतरायला हवा. पैलवान हवेत गेल्यावर हळू केलंत तर डाव कसा बसला हेच कळत नाही, आणि कुस्ती जाणणारा प्रेक्षक तेच बघायला बसलेला असतो. पण १०० टक्क्यांवर बाणाच्या कळीने एक पाऊल पुढे गेलात तर मूळच्या चार फ्रेम्स ओलांडल्या जातात. म्हणून पॉइंट अंदाजाने टाका, भाग २५ टक्के करा, मग फ्रेम-फ्रेम बघत पॉइंटची खालची मूठ (ओढायचं टोक) सरकवा. खालची मूठ वेग बदलण्याची जागा हलवते. वरच्या मुठीने डावीकडच्या भागाचा वेगच बदलतो, तिला हात लावू नका.

एवढ्यावर वेग झटक्यात बदलतो. तो उतरता करायला राइट क्लिक करून रीटाइम कर्व्ह (वेगाचा आलेख) उघडा आणि कर्व्हच्या यादीतून रीटाइम स्पीड निवडा. कीफ्रेम निवडून वरच्या पट्टीतलं वळणाचं बटण दाबा आणि कीफ्रेमला फुटलेल्या दांड्या ओढा. उतार सहा ते दहा फ्रेम्सचा पुरतो. त्याहून लांब केला तर डावाचा जोर जातो.

ऑप्टिकल फ्लो हा पर्याय सरसकट लावू नये. तो दोन फ्रेम्समधून तिसरी तयार करतो. एकमेकांत अडकलेले हातपाय आणि उडणारी लाल माती त्याला नीट वेगळी करता येत नाही, कडा वितळल्यासारख्या दिसतात. गणित बरोबर असेल तर इन्स्पेक्टरमध्ये (क्लिपच्या सेटिंगचा रकाना) निअरेस्टच ठेवा, म्हणजे नवी फ्रेम न बनवता मूळचीच जवळची फ्रेम दिसते.

प्रीमिअर प्रो या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये क्लिपच्या एफएक्स खुणेवर राइट क्लिक, टाइम रिमॅपिंग, स्पीड. कंट्रोल धरून रेषेवर क्लिक केलं की कीफ्रेम पडते. कीफ्रेमचे दोन अर्ध भाग एकमेकांपासून ओढले की मध्ये उतार तयार होतो. वार्प स्टॅबिलायझर (हलणारं चित्र स्थिर करणारा इफेक्ट) आणि बदललेला वेग एकाच क्लिपवर चालत नाहीत, आधी क्लिप नेस्ट करा, म्हणजे तिला वेगळ्या सीक्वेन्समध्ये गुंडाळा.

हलगीचा आवाज मात्र कधीही हळू करू नका. ती वेगळ्या ट्रॅकवर १०० टक्क्यांनीच वाजू द्या. ठळक ठोक्यावर एम दाबून मार्कर (खूण) टाका आणि पाठ टेकण्याची फ्रेम त्या मार्करखाली येईल अशी व्हिडिओची पूर्ण क्लिप सरकवा.