आगोटीआधी रेकॉर्डिंगची कॉपी: बॅच स्क्रिप्ट लावण्यापूर्वीची तयारी

दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, राजापार्ट कोण, स्त्रीपार्ट कोण हे ठरतं, आणि पुढचे संवाद नट तिथल्या तिथे रचतो. त्यामुळे सोनुर्लीच्या जत्रेपासून मे महिन्यापर्यंत रात्री जागून जे रेकॉर्ड केलं, त्यात त्या रात्रीचा एकेक शब्द आहे आणि तो दुसरीकडे कुठेही नाही. सिंधुदुर्गात अशी रेकॉर्डिंग करणारी पोरं आता गावोगाव आहेत. आगोटीला, म्हणजे मिरग लागून पाऊस सुरू व्हायच्या आत, लाइट धड आहे तोवर, हा सगळा माल दोन डिस्कवर उतरवून ठेवावा. विंडोजची साधी बॅच फाइल, म्हणजे ओळीने लिहून ठेवलेल्या कमांडची स्क्रिप्ट, त्याला पुरते. मात्र आपण कुठवर पोचलो हे स्क्रिप्टने स्वतः नोंदवत जायला हवं, आणि त्याची तयारी ती सुरू करण्याआधीच करावी लागते.

पहिल्यांदा डिस्क. ती फॅट-३२ फॉरमॅटची असेल तर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल तिच्यावर जातच नाही, आणि रात्रभराचं नाटक एका फाइलीत असेल तर ते सहज त्यापुढे जातं. एनटीएफएस किंवा एक्सफॅट करून घ्या. आधीचं काही डिस्कवर असेल तर ते अगोदर काढून ठेवा, कारण फॉरमॅट केल्यावर ते पुसलं जातं. ड्राइव्हचं अक्षर डिस्क मॅनेजमेंटमध्ये कायमचं ठरवून टाका आणि डिस्कवर एक छोटी खुणेची फाइल ठेवा. तिचा उपयोग पुढे आहे. वेगळ्या अ‍ॅडॅप्टरवर चालणारी मोठी डिस्क असेल तर लाइट गेल्यावर लॅपटॉपची बॅटरी काही कामाची नाही, तिला यूपीएस हवाच. यूएसबीवरच चालणारी लहान डिस्क आपल्याकडे जास्त सोयीची.

मग यादी. लूप, म्हणजे एकेका फाइलीसाठी तेच काम पुन्हा करणारा स्क्रिप्टचा भाग, चालू असताना एकूण किती हे कळत नाही, म्हणून एकूण आधी मोजायचं. डायर कमांडने सगळ्या उपफोल्डरांतल्या फाइलींची पूर्ण पत्त्यासह यादी एका टेक्स्ट फाइलीत काढा आणि फाइंड कमांडने तिच्यातल्या ओळी मोजून घ्या. लूपही त्याच यादीवर फिरवा, म्हणजे मध्येच फोल्डरात काही नवीन आलं तरी हिशेब ढळत नाही. फाइलींची नावं देवनागरीत असतील तर यादी काढण्यापूर्वी कन्सोल, म्हणजे कमांडची काळी खिडकी, ६५००१ या कोड पेजवर (युनिकोड अक्षरसंचावर) आणा. नाहीतर यादीत अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतील आणि कॉपीला ती फाइल सापडणार नाही. काळ्या खिडकीत देवनागरीऐवजी चौकोन दिसले तर घाबरू नका, तो फक्त फॉन्टचा प्रश्न आहे. लूपच्या ओळीत डिलिमिटर, म्हणजे ओळ जिथे तोडायची ते चिन्ह, रिकामा ठेवायला विसरू नका. तसं केलं नाही तर ‘वालावल रात्र दुसरी’मधला ‘वालावल’ तेवढा उचलला जाईल.

आता काउंटर, म्हणजे किती झालं ते मोजणारा आकडा. नवीन माणूस हमखास अडतो तो इथे. कंसात लिहिलेला लूपचा मजकूर विंडोज एकदाच वाचतं, आणि टक्केचिन्हांतल्या व्हेरिएबलची (बदलता आकडा किंवा मजकूर ठेवणाऱ्या नावाची) किंमत त्याच वेळी बसवून टाकतं. काउंटर आत वाढत असतो, पण पडद्यावर शेवटपर्यंत शून्यच दिसतं. डिलेड एक्सपान्शन (किंमत ऐनवेळी बसवण्याची सोय) चालू करून उद्गारचिन्हं वापरा, असं बहुतेक ठिकाणी सांगतात. ते बरोबरच आहे, पण मग ज्या फाइलीच्या नावातच उद्गारचिन्ह आहे तिचं नाव बिघडतं आणि ती मागे राहते. नाटकांच्या नावांत उद्गारचिन्हं भरपूर! माझ्या मते सबरुटीन, म्हणजे हाक मारून चालवायचा स्क्रिप्टचा वेगळा तुकडा, बरी. लूपमध्ये फाइलीचं नाव व्हेरिएबलमध्ये ठेवायचं आणि कॉल करून बाकी सगळं खाली वेगळ्या लेबलाखाली करायचं. तिथे प्रत्येक ओळ नव्याने वाचली जाते, त्यामुळे साधी टक्केचिन्हं चालतात आणि नावालाही धक्का लागत नाही.

टक्केवारी फाइलींच्या संख्येवर काढली तर ती दिशाभूल करते. एका फोल्डरात रंगपटातले शेकडो फोटो आणि शेजारी पहाटेपर्यंतच्या नाटकाचा एकच व्हिडिओ असेल, तर फोटो संपताच ९९ टक्के दिसतात आणि खरं काम अजून सुरूच व्हायचं असतं. म्हणून हिशेब साइजवर ठेवा. पण बॅचचं गणित ३२ बिटांचं, पूर्णांकांचं. २,१४,७४,८३,६४७ च्या पलीकडचा आकडा त्याला झेपत नाही, म्हणजे बाइटमध्ये मोजाल तर २ जीबीच्या आसपासच गाडी अडते. उपाय सोपा आहे: साइजच्या आकड्याचे शेवटचे सहा अंक मजकूर म्हणून कापून टाका, ढोबळ एमबी उरतात. काहीच उरलं नाही तर शून्य धरा. एकूण बेरीजही आधी याच पद्धतीने करून ठेवा. वेळेवरून वेग काढणार असाल तर आणखी एक सांभाळा: मिनिटांच्या जागी ०८ किंवा ०९ आलं की पुढच्या शून्यामुळे तो आकडा अष्टमान पद्धतीचा धरला जातो आणि गणित चूक झाल्याचा संदेश देऊन थांबतं. पुढे १ जोडून नंतर १०० वजा केले की झालं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काउंटर कधी वाढवायचा. केबल सैल होऊन डिस्क निघाली, तर लूप थांबत नाही. उरलेल्या प्रत्येक फाइलीला कॉपी फसते, लगेच पुढची येते, आणि फेऱ्या मोजणारा काउंटर बघता बघता १०० टक्क्यांवर जाऊन उभा राहतो. पडद्याकडे बघणाऱ्याला काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. त्यामुळे प्रत्येक फाइलीपूर्वी डिस्कवरची खुणेची फाइल आहे का ते तपासा. नसेल तर एररलेव्हल (काम जमलं की फसलं ते सांगणारा आकडा) देऊन सबरुटीनमधून परत या आणि गोटूने लूपच्या बाहेर पडा. एकटी एखादी फाइल फसली तर तिचं नाव वेगळ्या यादीत टाका आणि पुढे चला, पण बेरजेत तिला धरू नका.

अर्धवट फाइलीचाही बंदोबस्त हवा. कॉपी मध्येच तुटली की डिस्कवरची फाइल कधी कधी पूर्ण साइजची दिसते, कारण विंडोज जागा आधीच राखून ठेवतं. आत मात्र नाटक अर्धंच असतं. नुसती साइज जुळवून यावर भागत नाही. कॉपी करताना नावामागे ‘अर्धवट’ जोडा आणि कॉपी यशस्वी झाल्यावरच रीनेमने खरं नाव द्या. पुन्हा सुरू करताना खऱ्या नावाची फाइल असेल तर ती सोडायची, ‘अर्धवट’ असेल तर पुसून नव्याने घ्यायची. कॉपी कमांड फोल्डर तयार करत नाही, ते आधी मेकडिरने करून घ्या. मोठ्या फाइलीसाठी कॉपीला स्लॅश झेड लावलं तर त्या एका फाइलीचे टक्के दिसत राहतात. नाहीतर पडदा बराच वेळ गप्प राहतो आणि घरातलं कोणीतरी बंद पडलं म्हणून खिडकी मिटवून टाकतं. कॉपीऐवजी विंडोजचीच रोबोकॉपी कमांड वापरणार असाल तर पुन्हा प्रयत्नांचा आकडा हाताने कमी करा. मुळात तो दहा लाख आहे, आणि दर खेपेला तीस सेकंद थांबणं. शिवाय त्याचा एररलेव्हल १ म्हणजे फाइली गेल्या. चूक ८ पासून पुढे.

प्रगती टायटल कमांडने खिडकीच्या मथळ्यावर दाखवा, म्हणजे खिडकी खाली केली तरी टास्कबारवर दिसते. त्याच वेळी लॉग फाइलीत, म्हणजे झालेल्या कामाच्या नोंदीत, ओळ जोडा: वेळ, नाव अवतरणचिन्हांत, साइज. ही लॉग लॅपटॉपच्या डिस्कवर असू दे, कॉपी होते त्या डिस्कवर नको. सुरू करण्यापूर्वी पॉवर सेटिंगमध्ये स्लीप बंद करा, झाकण मिटल्यावर काही करू नये असं ठरवा. काळ्या खिडकीच्या आत क्लिक करायचं नाही हे घरात सांगून ठेवा; क्लिक झालं की मजकूर निवडण्याचा मोड चालू होतो आणि स्क्रिप्ट तिथेच थिजते. तशी थिजलीच तर एस्केप दाबा.

खरी फेरी लावण्यापूर्वी एका छोट्या फोल्डरवर चालवून बघा आणि मुद्दाम मध्येच केबल काढा. स्क्रिप्ट थांबली, लॉगची शेवटची ओळ बरोबर आली आणि पुन्हा सुरू केल्यावर तिथूनच पुढे गेली, तरच सगळा माल तिच्या हवाली करा.

दुसरी डिस्क गावात ठेवू नका. शाळा सुरू होण्याआधी चाकरमानी मुंबईला परततात, त्यांच्यापैकी कोणाबरोबर ती जाऊ दे. त्याआधी विंडोजच्या सर्टयुटिल कमांडने काही मोठ्या फाइलींचे हॅश (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) दोन्हीकडे जुळवा, एखादा व्हिडिओ मधूनच उघडून पखवाज नीट ऐकू येतो का बघा, आणि लॉगची एक प्रत डिस्कवर टाका. इथली डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि डब्यावर तारीख लिहा.