घरची इंग्लिश बिटर बिघडते कुठे? या चुका टाळा

माझ्या पहिल्या बिटरचा, म्हणजे कडसर इंग्लिश बिअरचा, घोट घेऊन मित्राने विचारलं, "यात डेटॉल पडलंय का रे?" प्रश्न खोचक होता, पण नाक बरोबर होतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माल्ट (मोड आणून वाळवलेलं बार्लीचं धान्य) आणि यीस्टमधल्या फिनॉलला भेटलं की क्लोरोफिनॉल तयार होतं, आणि डेटॉलमधलं औषधही त्याच कुळातलं. शिवाय बिअर आंबवायची बादली मी ब्लीचने धुतली होती! या वासावर नंतर इलाज नाही, बॅच ओतून द्यावी लागते. आता वीस-पंचवीस लिटर पाण्यात आधी क्लोरीन घालवणारी अर्धी कॅम्पडेन (सल्फाइटची) गोळी चुरून टाकतो. नुसतं उकळून भागत नाही, कारण काही ठिकाणी पाण्यात क्लोरीनऐवजी असणारं क्लोरामाइन सहज उडत नाही. बादलीला ब्लीच नको, न विसळता चालणारं सॅनिटायझर वापरा.

दुसरी चूक आपल्या संस्कारातली. दही उबेला ठेवायचं, म्हणून मी बादलीही गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात ठेवली. बिटर ज्या प्रकारात मोडते त्या 'एल' बिअरच्या यीस्टला १८ ते २० अंश पुरे. आंबताना ते स्वतःच उष्णता सोडतं, त्यामुळे खोलीपेक्षा बादली दोन-चार अंश गरम असते. थर्मामीटरची पट्टी बादलीलाच चिकटवा. पारा २५ च्या वर गेला तर नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येऊ शकतो. उन्हाळ्यात बादली पाण्याच्या टबात ठेवून वर ओला टॉवेल गुंडाळला की काम भागतं.

लोण्याचा वास? तो डायअ‍ॅसिटिलचा. यीस्टच ते बनवतं आणि सवड दिली तर परत खाऊनही टाकतं. इंग्लिश यीस्ट मात्र लवकर तळाशी बसतं. बुडबुडे थांबले तरी दोन-तीन दिवस हात लावू नका. किंचित बटरस्कॉच काही इंग्लिश एलमध्ये चालतंही. मला नाही आवडत.

मॅश, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेलं भरडलेलं माल्ट, ६६ अंशांच्या आसपास तासभर धरा. सत्तरीकडे गेलात तर बिअर गोडसर, जड राहते.

बाटल्या भरण्याची घाई सगळ्यात महागात पडते. बुडबुड्यांवर विसंबू नका, बिअरची घनता मोजणारं हायड्रोमीटर बघा. लागोपाठ तीन दिवस आकडा तोच, म्हणजे १.०१० च्या आसपास, आला तरच भरा. नाहीतर बाटल्या फुटतात, आणि काचा कुठवर उडतात ते बघायची वेळ येऊ नये. बाटलीत वायू तयार व्हावा म्हणून घालायची साखर वीस लिटरला ८० ग्रॅम पुष्कळ. भरताना नळी तळापर्यंत न्या, वरून धार सोडली की हवा मिसळून पुठ्ठ्यासारखी चव येते.

मी राहतो त्या इंग्लंडमध्ये घरी बिअर बनवायला १९६३ पासून परवाना लागत नाही, विकता मात्र येत नाही. महाराष्ट्रात विनापरवाना बनवणं हाच गुन्हा आहे, तेव्हा सुट्टीत गावी जाऊन प्रयोग नकोत.

आणि "फेस कमी, गारही नाही, म्हणजे बिघडली" असं पाहुणे म्हणाले तर बिअर ओतून देऊ नका. बिटर ११ ते १३ अंशांवर, कमी वायूचीच प्यायची असते.