लांबच्या उत्तरेकडची नागमोडी नदी नकाशावर काढताय? या चुका टाळा

बडोद्यात बसून ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनीच बनवलेला, कोणीही सुधारू शकतो असा ऑनलाइन नकाशा) अलास्कातली नदी काढायला घेतली की सगळ्यात मोठी चूक सुरुवातीलाच होते, जी सॅटेलाइट इमेज समोर उघडली तीच आजची नदी समजून माणूस क्लिक करत सुटतो. कोयुकुक नदी घ्या, ही ब्रूक्स पर्वतरांगेकडून येऊन मोठ्या युकॉन नदीला मिळते आणि हुस्लिया गावाजवळ तर इतकी वळते की कुठलं वळण वाहतंय आणि कुठलं कधीच तुटलंय ते पटकन कळतच नाही. त्यात मे महिन्यात बर्फ फुटला की पाणी चढतं, वाळूचे पट्टे बुडतात, जुन्या वळणांतही पाणी शिरतं, तेव्हाची इमेज धरली तर काठ चुकणारच. जुलै-ऑगस्टची घ्या. वळणाचा बाहेरचा काठ नदी सतत खात असते आणि आतल्या बाजूला वाळू टाकत जाते, म्हणून इमेज कितीही क्लिअर असली तरी तारीख आधी बघा. सेंटिनेल-2 या युरोपियन उपग्रहाची इमेज 10 मीटरचीच (म्हणजे एक ठिपका जमिनीवर 10 मीटरचा), पण ताजी आणि फुकट मिळते, तिच्यावर आताचा प्रवाह पक्का करा आणि मगच बारीक काम करा.

तुटलेल्या वळणाचं तोंड गाळाने बंद झालं असेल तर ते नदीला जोडू नका, ते वेगळं पाणी, त्याला ऑक्सबोचा (नदीपासून तुटलेल्या वळणातलं तळं) टॅग, म्हणजे नकाशातली ओळखचिठ्ठी, द्या.

आपल्या बडोद्यातल्या विश्वामित्री नदीचं वळण चुकलं तर कमाटीबागेत जाऊन बघून कोणीही सुधारेल हो. हुस्लियाला बाहेरून रस्ताच नाही, लोक उन्हाळ्यात बोटीने जातात आणि हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून, तिथे तुमची चुकीची रेघ वर्षानुवर्षं तशीच राहू शकते, म्हणून मला ही घाई अजिबात पटत नाही.

रेघ उगमाकडून मुखाकडेच ओढा. एका वळणावरून दिशा ठरवू नका, कारण नदी मधेच उलटी फिरते, झूम आउट करून युकॉनपर्यंत बघा. एका रेघेत 2000 च्या वर नोड (क्लिक करून टाकलेले बिंदू) बसत नाहीत, तेव्हा सेव्ह होत नसेल तर तुकडे करा.

आणि क्यूजीआयएसमध्ये (नकाशे मोजायचं फुकट सॉफ्टवेअर) लांबी जवळजवळ अडीच पट येत असेल तर नदी बरोबर आहे, गडबड वेब मर्केटरची, म्हणजे गोल पृथ्वी सपाट करायच्या ऑनलाइन नकाशांच्या पद्धतीची आहे, 66 अंश अक्षांशाजवळ ती एवढं ताणते. तिथला यूटीएम झोन (पृथ्वीच्या उभ्या पट्ट्यांपैकी त्या भागाचा, जिथे मोजमाप फारसं ताणलं जात नाही) लावून परत मोजा, आपला बडोद्याचा 43 वाला नको.