अ‍ॅप पाहून कंबरेचे व्यायाम करताना या चुका टाळा

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या कंबरदुखीत नियमित व्यायामाचा उपयोग होतो आणि जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचनांतही त्याची शिफारस आहे. अ‍ॅपमुळे तो घरबसल्या करता येतो, ही मोठी सोय आहे. मात्र बहुतेक अ‍ॅप सेकंद मोजतात, तुमची कंबर पाहत नाहीत. फिजिओथेरपिस्ट म्हणून माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे व्यायाम चालू असताना मोबाइलकडे पाहत राहणे. बँकेत काम करणारे, अठ्ठेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ चार वर्षांच्या कंबरदुखीसाठी अ‍ॅपवर प्लँक, म्हणजे कोपरे व पायांची बोटे टेकून शरीर फळीसारखे सरळ धरण्याचा व्यायाम, करत होते आणि दुखणे उजव्या कुल्ल्यातून मांडीत उतरू लागल्यावर माझ्याकडे आले. मी त्यांना घरी करतात तसेच करून दाखवायला सांगितले. त्यांनी मोबाइल समोर जमिनीवर ठेवला, उरलेले सेकंद दिसावेत म्हणून मान वर उचलली आणि विसाव्या सेकंदाला त्यांची कंबर झोळीसारखी खाली लोंबू लागली. श्वास तर त्यांनी सुरुवातीपासूनच रोखून धरला होता. ताण कुठे जाणवतो असे विचारल्यावर ते म्हणाले, "पोटात काहीच नाही, डॉक्टर, कंबरच भरून येते." पोटाचे स्नायू थकून सुटले होते आणि सगळा भार मणक्यावर येत होता.

मी त्यांचा मोबाइल पालथा ठेवायला लावला, फक्त आवाज चालू ठेवला आणि साठ सेकंदांचा एक प्लँक बंद करून गुडघे टेकवून दहा-दहा सेकंदांचे सहा प्लँक दिले. हात-पाय टेकून एक हात व विरुद्ध बाजूचा पाय लांबवण्याच्या व्यायामात, ज्याला अ‍ॅपमध्ये बर्ड-डॉग म्हणतात, मी रुग्णाच्या कमरेवर अर्धी भरलेली स्टीलची वाटी ठेवतो. पाणी सांडले, तर पाय गरजेपेक्षा वर गेला आहे किंवा कंबर फिरली आहे, हे त्याला स्वतःलाच कळते.

याच गृहस्थांची दुसरी चूक मला अधिक खटकते. ते रोज "सोपे वाटले" हे बटण दाबून दुसऱ्याच आठवड्यात चौथ्या आठवड्याच्या पातळीवर पोहोचले होते. वर्षानुवर्षांचे दुखणे पंधरा दिवसांत संपवण्याची घाई मी समजू शकतो. परंतु त्या घाईपायी आधीचा आठवडा गाळणे मला अजिबात मान्य नाही. माझा नियम असा आहे की एक पातळी सलग सहा दिवस नीट जमल्याशिवाय, आणि व्यायामानंतर वाढलेले दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नेहमीच्या पातळीवर आल्याशिवाय, पुढे जायचे नाही.

श्वास रोखू नये, यासाठी आकडे मोठ्याने मोजावेत. पोट जोरात आत ओढण्याऐवजी खोकण्यापूर्वी ते जसे घट्ट होते, तेवढेच घट्ट ठेवावे. गादीवर व्यायाम करू नये. जमिनीवर सतरंजी पुरते. कमरेला पट्टा बांधून व्यायाम करू नये. वर उल्लेखलेल्या सूचनांत तर नेहमीच्या उपचारातही पट्ट्याची शिफारस केलेली नाही. झोपेत मणक्यांमधील चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून उठल्या उठल्या पुढे वाकण्याचे व्यायाम न करता किमान तासभर जाऊ द्यावा.

कळ गुडघ्याच्या खाली उतरू लागली, तर त्या दिवशी अ‍ॅप बंद करून फिजिओथेरपिस्टला दाखवावे. लघवी किंवा शौचावरील नियंत्रण गेले, जांघेत व गुदद्वाराभोवती बधिरपणा आला किंवा पायातील शक्ती कमी झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.