कुत्र्याच्या नसबंदीनंतर या चुका टाळा (कॉलर काढायची नाही म्हणजे नाही)

नर कुत्र्याची नसबंदी तशी छोटीच. बिघडतं ते घरी आणल्यावर, आणि तेही पहिल्या दिवशी नाही. पहिल्या रात्री भुलीच्या गुंगीत तो झिंगल्यासारखा चालतो, कण्हतो, तेव्हा अख्खं घर त्याच्या उशाशी असतं. तिसऱ्या दिवशी शेपूट हलवत दाराशी येतो आणि सगळे म्हणतात, झाला की बरा! खरी राखण तिथून सुरू होते.

गळ्यातली ती नरसाळ्यासारखी कॉलर टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारण १० ते १४ दिवस, रात्रंदिवस ठेवायची. "मी घरीच आहे, लक्ष ठेवते" हे मला सांगू नका. मीही हेच म्हटलं होतं.

आमचा बंड्या गावठी, दीड वर्षाचा. एप्रिलअखेरचं नागपूर, दुपारी घराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. चौथ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अव, त्याले पाय ना, किती केविलवाणा दिसून राहिला! काढ ते टोपलं घडीभर." काढलं. बंड्या कूलरसमोर पसरला, मी शेजारच्या दिवाणावर. डोळा लागला. आमचा कूलर जुना, पत्र्याचा; त्याच्या घरघरीत जिभेची चपचप कुठे ऐकू येणार? उठले तर फरशीवर रुपयाएवढे लाल ठिपके, जवळच दोऱ्याचा ओला तुकडा, आणि बंड्या अजून चाटतोच आहे. दोन टाके गेले होते. भर दुपारी ऑटो, दवाखाना, पुन्हा भूल, पुन्हा टाके, दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून. डॉक्टर रागावले नाहीत. माझ्या हातातल्या कॉलरकडे बघितलं फक्त.

कॉलरची कड नाकाच्या दोन बोटं पुढे यायला हवी. आखूड असली तर तो वळून पोहोचतोच. पाण्याचं भांडं मी विटेवर ठेवते, म्हणजे कड जमिनीला अडत नाही. दारांना धडकतो, रडका चेहरा करतो. करू द्या. दोन दिवसांत सवय होते, त्याला आधी आणि घरच्यांना नंतर.

दुसरा माझा राग हळद-खोबरेलावर. जखम कोरडी राहायला हवी आणि आपण तिला तेल पाजतो. वर त्याला चाटायला चवही देतो. शिवाय हळदीच्या पिवळ्यात लाली दिसतच नाही, त्यामुळे जखम चिघळायला लागली तरी तुम्ही निवांत. पावसाळ्यात तर ओल्या जखमेवर माशी बसली की अळ्या पडतात. डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढंच लावा, नसेल सांगितलं तर काही लावू नका. मी रोज सकाळी खिडकीशी त्याच उजेडात टाक्यांचा फोटो काढते आणि कालच्या फोटोशेजारी ठेवून बघते. थोडी सूज चालते. सूज रोज वाढत असेल, पू किंवा वास येत असेल, रक्त ठिबकत असेल, हिरड्या पांढरट दिसत असतील तर फोन करा, सकाळची वाट बघू नका.

घरातली दुखण्याची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, मूत्रपिंडं जातात. डॉक्टरांनी दिलेलं औषध पुरेसं असतं.

अंघोळ टाके निघेपर्यंत नाही. कूलरचं पाणी सांडतं तिथे त्याचं अंथरूणही नाही.

लाड म्हणून सावजीचा रस्सा नको. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. घरी आणल्यावर आधी घोटभर पाणी, पोटात राहिलं तर मूठभर साधा भात.

"बरा दिसतो ना!" म्हणून पाचव्या दिवशी फुटाळा तलावावर मोकळा सोडणारे दरवेळी भेटतात. आखूड पट्टा, घराच्या फाटकापर्यंत, शी-शू, परत. सोफ्यावर उडी नाही, जिना उचलून. घाई असेल तर मासे पाळा.

आणि नसबंदी झाली म्हणजे त्याच दिवशी विषय संपला असं नाही. आधीचे शुक्राणू शिल्लक असतात, त्यामुळे महिना-दीड महिना तो पिल्लांचा बाप होऊ शकतो. गल्लीतली कुत्री माजावर असेल तर फाटकाची कडी लावलेली ठेवा. आमच्याकडे दूधवाला ती उघडीच टाकून जातो, म्हणून मी आता वरून दोरीही बांधते.