बुजऱ्या मुलाला धिटाईचं चित्रपुस्तक कसं वाचून दाखवावं

मागच्या कव्हरवर ‘मुलांचा आत्मविश्वास वाढवणारी कथा’ असं छापलेलं पुस्तक मी सहसा परत फळीवर ठेवते. निवडताना मजकूर हाताने झाका आणि नुसती चित्रं उलटत जा. गोष्ट कळली तर घ्या. खर्च नको असेल तर ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं फुकट मिळतात.

मूल शेजारी, पुस्तक त्याच्या मांडीवर, आणि पान त्यानेच उलटायचं.

खरी परीक्षा शब्द नसलेल्या पानांवर. मॉरिस सेंडाकचं १९६३ सालचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ घ्या. दंगा करणाऱ्या मॅक्सला आई न जेवता झोपायला पाठवते. त्याच्या खोलीचं जंगल होत जातं तसतशी चित्रंही मोठी होतात, आणि राक्षसांबरोबरचा धुमाकूळ तर सलग तीन जोडपानांवर, एकाही शब्दाविना. इथे गप्प बसणं मला सगळ्यात जड गेलं. जीभ वळवळतेच: ‘बघ, मॅक्स घाबरला का?’ विचारू नका. त्या पानांवर मूल राक्षसांचे दात न्याहाळत असतं, नखं बघत असतं. आपण बोललो की ते पुस्तक सोडून आपल्या तोंडाकडे बघू लागतं. मनात सावकाश वीस आकडे मोजा. तरीही पान उलटलं नाही, तर आणखी थांबा.

याहून वाईट म्हणजे, ‘तो बघ किती धीट, नाहीतर तू!’ मुलाला हे टोमणे दिवसभर मिळतातच, पुस्तकातून आणखी कशाला? पाहुण्यांसमोर तर अजिबात नको. ‘हे पुस्तक खास तुझ्यासाठी आणलंय’ हेसुद्धा बुजऱ्या मुलाला लगेच कळतं; आपल्यातलं काहीतरी दुरुस्त करायला निघालेत म्हणून ते आणखी आक्रसतं.

तात्पर्य विचारायचं नाही. शाळेत विचारतात तेवढं पुरे. सेंडाकच्या शेवटच्या पानावर चित्रच नाही. मॅक्ससाठी ठेवलेलं जेवण अजून गरम आहे, एवढंच लिहिलंय. आई रागावली तरी घर आपलंच आहे, हे त्यातून मुलांना बरोबर उमगतं, तुम्ही फोड करून सांगायची गरज नाही.

मूल मध्येच उठून गेलं तर जाऊ द्या. पुस्तक मात्र त्याच्या हाताला येईल अशा खालच्या फळीवर ठेवा, काचेच्या कपाटात नको. रोज तेच पुस्तक घेऊन आलं तर रोज तेच वाचा, आणि कंटाळून पानं गाळू नका, लगेच पकडतात.